एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) मिळाली, आता पुढं काय? (गुन्ह्यांचे प्रकार समजून घेण्यासाठी धागा)

मळेकरी_खानापूर
नमस्कार मंडळी. प्रश्न घरचाच आहे. आमच्या काकांचं (वय ६४) नि शेजारच्या शेतवाल्याचं बांधावरून वाजलं. आधी शिवीगाळ, मग त्यानं काकांच्या कानाखाली ठेवून दिली आणि "तंगडी तोडून हातात देतो" असा दम भरला. पोलीस स्टेशनला गेलो, बराच वेळ बसवलं, शेवटी कन्नडमध्ये एक कागद हातात दिला. म्हणाले, एनसी आहे, पुढचं कोर्टात बघा. आता तो गडी गावभर सांगत फिरतोय की माझ्यावर केसच झाली नाही. एनसी म्हणजे गुन्हा घडलाच नाही असं असतं का? जाणकारांनी सांगावं. स्टेशनचं नाव विचारू नका, रोज तोंड बघायचं असतं.

बेळगावी_कुंदा
सेटिंग झालं असणार. दुसरं काय?

काळा_कोट
सेटिंगचं नंतर बघू, आधी कायदा. वर सांगितलंय तेवढंच घडलं असेल तर शिवीगाळीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३५२, कानाखाली मारण्याला ११५(२) आणि धमकीला ३५१(२) लागतं. तंगडी तोडण्याचा दम जबर दुखापतीची धमकी धरला तर ३५१(३). सगळे अदखलपात्र. म्हणजे गुन्हा आहे, शिक्षाही आहे (मारहाणीला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, शिवी आणि साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत, जबर दुखापतीच्या धमकीला सात वर्षांपर्यंत), पण पोलिसांना स्वतःहून तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही करता येत नाही. त्यांनी वहीत नोंद घ्यायची आणि फिर्यादीला मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं. नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलीस आणि कोर्टाची कार्यपद्धती सांगणारा कायदा, पूर्वीचा सीआरपीसी) कलम १७४ मध्ये हेच लिहिलंय. तेव्हा एनसी दिली यात पोलिसांनी वेगळं काही केलेलं नाही.

तो गडी "केस झाली नाही" म्हणतोय ते अर्धंच खरं. मॅजिस्ट्रेटनं तपासाची परवानगी दिली की पोलीस एरवीसारखाच तपास करतात, फक्त अटकेला वॉरंट लागतं. किंवा काका स्वतः जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टात खासगी फिर्याद घालू शकतात. आपल्याकडे त्याला पीसी घालणं म्हणतात.

निपाणीचा_पान्या
साहेब, हे दखलपात्र-अदखलपात्र ठरवतं कोण? पीएसआयच्या मनावर आहे का?

काळा_कोट
अजिबात नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या शेवटी पहिली अनुसूची नावाचा लांबलचक तक्ता आहे. न्याय संहितेतलं प्रत्येक गुन्ह्याचं कलम, त्याची शिक्षा, दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र आणि खटला कुठल्या कोर्टात चालणार, हे सगळं ओळीनं छापलेलं आहे. पीएसआयनं तो तक्ता बघायचा. आम्हीही तोच बघतो. वीस-वीस वर्षं प्रॅक्टिस झालेले वकीलसुद्धा बघतात, लाजण्यासारखं काही नाही.

न्याय संहितेबाहेरचे कायदे असतील तर तक्त्याच्या दुसऱ्या भागात ढोबळ नियम आहे. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षा किंवा नुसता दंड असेल तर अदखलपात्र आणि जामीनपात्र. तीन वर्षं किंवा जास्त असेल तर दखलपात्र आणि अजामीनपात्र. त्या त्या कायद्यानं स्वतःच वेगळं सांगितलं असेल तर मात्र ते चालतं. चोर्ला घाटातून गोव्याची बाटली आणणाऱ्यांनी म्हणूनच आधी कर्नाटकचा अबकारी कायदा वाचावा, हा तक्ता नंतर.

चिकोडीचे_गुरुजी
म्हणजे दखलपात्र तो मोठा गुन्हा आणि अदखलपात्र तो किरकोळ, असं समजायचं का? आमच्या मुलांच्या नागरिकशास्त्रात असंच शिकवतात.

काळा_कोट
गुरुजी, खून, दरोडा, बलात्कार सगळे दखलपात्र, त्यामुळे ढोबळमानानं बरोबर. पण यावर विसंबून राहू नये. कोर्टात शपथेवर खोटी साक्ष दिली तर सात वर्षांपर्यंत कैद, तरी तो अदखलपात्र. उलट एखाद्याची वाट अडवून त्याला पुढं जाऊ दिलं नाही तर कलम १२६(२), साधी कैद फार तर एक महिना, आणि तो दखलपात्र! शिक्षा किती, हा एक प्रश्न. पोलीस आपण होऊन हलू शकतात का, हा दुसरा. जामीन हक्कानं मिळतो की न्यायाधीशांच्या विचारानं, हा तिसरा. तिघांची उत्तरं एकमेकांवर बसतीलच असं नाही. हाड मोडेल असं मारलं तर कलम ११७(२), सात वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र, तरीही जामीनपात्र. हायवेवर निष्काळजीपणे गाडी चालवून माणूस मेला तर १०६(१), पाच वर्षांपर्यंत, दखलपात्र आणि तोही जामीनपात्र. मयताच्या घरच्यांना ते पटत नाही, "दुसऱ्या दिवशी सुटून आला" म्हणून ओरडतात. पण जामिनावर सुटणं म्हणजे निर्दोष सुटणं नव्हे. खटला पुढं चालतोच.

मळेकरी_खानापूर
साहेब, एक राहिलंच सांगायचं. भांडणाची सुरुवातच वाटेवरून झाली. काका ट्रॅक्टर घेऊन जात होते, त्यानं मध्ये बैलगाडी आडवी लावली आणि जाऊच दिलं नाही. काका परत फिरले. हे आम्ही स्टेशनला नीट सांगितलंच नाही, सगळा भर कानाखालीवर होता.

काळा_कोट
मग हे आधी का नाही सांगितलं हो?

कलम १७४(४) सांगतं की एकाच प्रकरणात दोन किंवा जास्त गुन्हे असतील आणि त्यातला एक जरी दखलपात्र असेल, तर अख्खं प्रकरण दखलपात्र धरायचं. म्हणजे वाट अडवल्याचा एक महिन्याचा गुन्हा खरोखर बसत असेल तर त्याच्याबरोबर शिवी, थप्पड, धमकी सगळं एफआयआरमध्ये जातं. मॅजिस्ट्रेटच्या परवानगीची गरज उरत नाही.

पण लगेच उड्या मारू नका. १२६ ला एक अपवाद जोडलाय. खासगी वाट असेल आणि ती अडवण्याचा आपल्याला हक्क आहे असं अडवणाऱ्याला प्रामाणिकपणे वाटत असेल, तर तो गुन्हा होत नाही. तुमचा शेजारी नेमकं तेच म्हणणार, की वाट माझ्या रानातली, मी दिली तर दिली. तेव्हा प्रश्न येतो कागदाचा. गावनकाशात ती गाडीवाट दाखवली आहे का? काकांचे वडीलही तिथूनच जात होते असं सांगणारं कोण आहे? आरटीसीचा (म्हणजे कर्नाटकातल्या सातबाराचा) उतारा आणि नकाशाची नक्कल काढा. भांडण फौजदारी दिसत असलं तरी मूळ दिवाणी आहे, आणि वाटेच्या हक्काचा कायमचा निकाल दिवाणी कोर्टच देणार. फौजदारी केसनं बांध सरकत नाही.

बेळगावी_कुंदा
एवढं कशाला? काकूंना पुढं करायचं, अंगावर हात टाकला म्हणायचं. मग बघा कसे पळतात. गावात सगळे हेच करतात.

खानापूरची_मंगल
हेच करतात म्हणून तर खरोखर घडलेलं सांगायला गेलेल्या बाईकडं स्टेशनात आधी संशयानं बघतात. त्या खोट्या केसचा भुर्दंड कोण भरतं? ती भरते. कुंदाभाऊ, हा सल्ला इथं देऊ नका, धाग्यावर बायकाही वाचतात.

काळा_कोट
मंगलताईंशी शंभर टक्के सहमत. शिवाय पोलिसांना जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा स्वतःच गुन्हा आहे, कलम २१७. आणि खोटी केस उलटतपासणीत टिकत नाही. पहिल्या कागदात नसलेली गोष्ट नंतर घुसली की समोरचा वकील तिथंच बोट ठेवतो. मळेकरी, वाटेचं घडलं असेल तर पुरवणी अर्ज द्या, नसेल घडलं तर सोडून द्या.

चंदगडी_काजू
काकांनी दवाखान्यात दाखवलं का? हे फार महत्त्वाचं. मारामारीत माणसं आधी स्टेशन गाठतात, डॉक्टर दुसऱ्या दिवशी.

काळा_कोट
चंदगडकरांनी मुद्द्याचं विचारलं. सरकारी दवाखान्यात एमएलसी (मेडिको-लीगल केस) अशी नोंद झाली पाहिजे. हाड मोडलेलं, दात निखळलेला, कानानं कायमचं ऐकू येईनासं झालं, असं काही निघालं तर साधी दुखापत जबर दुखापत होते आणि प्रकरण ११५(२) वरून ११७(२) वर जातं, म्हणजे दखलपात्र. आणखी एक कसोटी आहे. दुखापतीमुळं तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजची कामं करता आली नाहीत असे दिवस पूर्वी वीस लागायचे, नव्या संहितेत पंधरा. थप्पड कानावर बसली असेल तर पडदा तपासून घ्या. हत्यार वापरलं असेल, कोयता, खुरपं काहीही, तर आणखी वेगळं कलम, ११८, आणि ते अजामीनपात्र.

मळेकरी_खानापूर
हत्यार नव्हतं. कानाला दडे बसल्यासारखं होतंय म्हणतात. उद्याच नेतो.

तिसरं_गेट
आमच्या वडिलांच्या वेळी सगळं सोपं होतं. ३०२, ३०७, ४२०, ३७९, नंबर ऐकला की कळायचं काय झालं. आता सगळे नंबर बदलले.

निपाणीचा_पान्या
कट्ट्यावर अजून ३०२ च चालतंय. "सोडतो का, ३०२ करीन" 😄

काळा_कोट
१ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंड संहितेऐवजी न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली, नंबर सगळे हलले. खून आता १०३, खुनाचा प्रयत्न १०९, फसवणूक ३१८(४), चोरी ३०३(२). आणि नवीन ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावतील असे शब्द मुद्दाम बोलणं! तेव्हा पान्याच्या मित्रांनी दम देताना जपावं.

पण जुने नंबर विसरू नका. त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला दंड संहिताच लागते. कोर्टाच्या बोर्डावर अजून काही वर्षं दोन्ही नंबर शेजारी शेजारी दिसणार.

चिकोडीचे_गुरुजी
एक मूळचा प्रश्न. मारलं काकांना, मग केस "कर्नाटक राज्य विरुद्ध अमुक" अशी का होते? काकांचं नाव कुठं गेलं?

काळा_कोट
गुन्हा हा एका माणसाविरुद्ध घडला तरी तो समाजाच्या शांततेविरुद्ध आहे, म्हणून शिक्षा मागायचं काम सरकारचं, अशी फौजदारी कायद्याची बैठक आहे. काका फिर्यादी आणि साक्षीदार. खटला चालवतो सरकारी वकील. त्यामुळं काकांना उद्या वाटलं म्हणून केस परत घेता येत नाही. मिटवायची असेल तर गुन्हा तडजोडीत बसणारा हवा. शिवीगाळ, धमकी, साधी मारहाण हे बसतात, ज्याचं नुकसान झालं तो मिटवू शकतो. हाड मोडलं असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन. खून, दरोडा यांत तडजोड नाही, मयताच्या सगळ्या घरानं येऊन सांगितलं तरी नाही.

दुसरं, सिद्ध करायची जबाबदारीही सरकारवर. नुसती घटना पुरत नाही, मनातला हेतू किंवा जाणीवही दाखवावी लागते. धक्का चुकून लागला आणि धक्का मारला, हाताची हालचाल तीच, पण पहिल्यात मारहाणीचा गुन्हा नाही. म्हणूनच सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंही कृत्य गुन्हा ठरत नाही, आणि सात ते बारामधल्या मुलाला आपण काय करतोय हे उमजत होतं का ते तपासतात. मनात ठरवणं गुन्हा नाही, नुसती तयारीही बहुतेकदा नाही. प्रयत्न केला की गुन्हा. दरोड्याची मात्र तयारीसुद्धा शिक्षेला पात्र आहे.

चंदगडी_काजू
माझा सीमेवरचा प्रश्न. शिनोळी फाट्यावर माझी बॅग चोरीला गेली, मी तसाच बेळगावला पोचलो. तिथं सांगितलं, "ते महाराष्ट्रात घडलं, चंदगडला जावा." मग चंदगडला जाऊन विचारलं तर म्हणे बॅग गेली कुठं ते नक्की सांगा, बाचीच्या (सीमेवरचं कर्नाटकातलं गाव) अलीकडं की पलीकडं? आता बसमध्ये झोपलेल्या माणसानं काय सांगावं?

तिसरं_गेट
सीमाप्रश्न बॅगेपर्यंत आला म्हणायचा.

काळा_कोट
याच्यासाठीच झिरो एफआयआर. कलम १७३(१) मध्ये स्पष्ट लिहिलंय, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र असेल तर माहिती नोंदवून घ्यायची. राज्य वेगळं असलं तरी. शून्य नंबर टाकून नोंद करायची आणि मग ती हद्दीच्या ठाण्याकडं पाठवायची. आपण बाची-शिनोळी, कोगनोळी, चोर्ला अशा रेघेवर राहणारी माणसं, आपल्याला याचा उपयोग बेंगळुरूवाल्यापेक्षा जास्त. आणि गुन्हा नेमका कुठल्या हद्दीत झाला हे कळत नसेल तर त्यातल्या कुठल्याही हद्दीतल्या कोर्टात तो चालतो, अशीही तरतूद आहे.

एक खोच आहे. चोरीचा माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा असेल तर नव्या तक्त्यात ती चोरी अदखलपात्र दाखवली आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्यानं माल किंवा किंमत परत केली तर शिक्षा समाजसेवेची. ही शिक्षा दंड संहितेत नव्हती. तेव्हा बॅगेत काय काय होतं ते किमतीसकट लिहा. जुना साधा फोन आणि डबा गेला असेल तर पुन्हा एनसीच.

चंदगडी_काजू
काजूची दोन पाकिटं होती हो. आणि लॅपटॉप.

काळा_कोट
लॅपटॉप आधी लिहा.

तिसरं_गेट
काळ्या दिनाच्या (१ नोव्हेंबर, सीमाभागातल्या मराठी माणसांचा निषेध) फेरीनंतर पोरांवर केसेस होतात त्या कुठल्या खणात? माझ्या भावाला एकदा समन्स आलं होतं. १४३, १४७, १८८ असे नंबर होते.

काळा_कोट
राजकारण दुसऱ्या धाग्यावर, इथं फक्त कलमं. १४३ म्हणजे बेकायदा जमाव, १४७ दंगा, १८८ जमावबंदीसारखा सरकारी आदेश मोडणं. आता अनुक्रमे १८९(२), १९१(२) आणि २२३. तिन्ही दखलपात्र, तिन्ही जामीनपात्र. जमाव "बेकायदा" व्हायला किमान पाच माणसं आणि कायद्यानं सांगितलेला सामाईक उद्देश लागतो, नुसती गर्दी पुरत नाही. आणि १८८/२२३ मध्ये बचावाला उपयोगी गोष्ट ही की कोर्टाला त्याची दखल ज्याचा आदेश मोडला त्या अधिकाऱ्याच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या (नव्या संहितेत त्यानं अधिकार दिलेल्या दुसऱ्या अधिकाऱ्याच्याही) लेखी तक्रारीवरच घेता येते. भावाच्या वकिलाला ती तक्रार फाईलला आहे का ते बघायला सांगा.

निपाणीचा_पान्या
आमच्याकडं बांधाच्या भांडणात दोघांवरही १०७ घालतात आणि तहसीलदारासमोर उभं करतात. तो कुठला गुन्हा?

काळा_कोट
तो गुन्हाच नव्हे. शांतता राखीन असा बॉण्ड जास्तीत जास्त एक वर्षासाठी लिहून घेण्याची प्रतिबंधक कारवाई आहे, आता कलम १२६. (हो, नागरिक सुरक्षा संहितेचं १२६. न्याय संहितेचं १२६ वाट अडवण्याचं. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बोलत जा.) यात शिक्षा झाली असं धरत नाहीत. पण बॉण्ड मोडला तर महाग पडतं.

मळेकरी_खानापूर
काकांवर उलटी केस झाली तर? तो गडी काउंटर देणार म्हणतोय. ६४ वर्षांच्या माणसाला उचलून नेतील का?

काळा_कोट
काउंटर येणार हे धरूनच चला, बांधाच्या भांडणात ती येतेच. एनसीत तर वॉरंटशिवाय अटक नाहीच. दखलपात्र झाली तरी सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक ही आपोआपची गोष्ट नाही. आधी नोटीस देऊन हजर राहायला सांगायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अर्णेश कुमार प्रकरणात पोलिसांना बजावलंय. नव्या संहितेत आणखी भर पडली. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा आणि माणूस साठीच्या पुढचा किंवा आजारी असेल तर डीवायएसपीच्या परवानगीशिवाय अटक नाही. काकांना हे दोन्ही लागू. नोटीस आली तर मात्र हजर राहा. नोटीस गुंडाळून ठेवणाऱ्याला हे संरक्षण नाही.

खानापूरची_मंगल
तो कन्नडमधला कागद काकांना वाचून दाखवला होता का? आमच्या घरात बोलता येतं सगळ्यांना, वाचता एकालाही येत नाही. सही मात्र सगळे करतात.

मळेकरी_खानापूर
भराभर वाचला. काकांनी मान हलवली.

काळा_कोट
मान हलवायची नाही. माहिती लिहून घेतल्यावर ती देणाऱ्याला वाचून दाखवायची हा कायदाच आहे, आणि वाचणं म्हणजे पुटपुटणं नव्हे. शक्य असेल तर तक्रार आधी घरीच कागदावर मराठीत लिहा, तारीख-वेळ-जागा घालून, आणि ती जोडायला सांगा. पोच घ्या. एफआयआर झाली तर तिची नक्कल फिर्यादीला फुकट द्यायची असते, त्यासाठी अर्ज-विनंती लागत नाही.

भाषेचा मुद्दा हलका समजू नका. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६२. नागपूरच्या एका माणसाला स्थानबद्ध केलं, कारणं इंग्रजीत दिली, त्याला फक्त हिंदी येत होती. पोलिसांनी तोंडी समजावून सांगितलं होतं, तरी सर्वोच्च न्यायालयानं ते पुरेसं मानलं नाही आणि त्याला सोडलं. खटल्यातही साक्ष आरोपीला न समजणाऱ्या भाषेत झाली तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत सांगावी लागते. मागितलं तर मिळतं, गप्प बसलं तर कोणी विचारत नाही.

चिकोडीचे_गुरुजी
शेवटचं. पोलिसांनी दखलपात्र असूनही नोंद घेतली नाही तर? आणि कोर्टात जायला मुदत किती?

काळा_कोट
नोंद नाकारली तर तोच मजकूर पोस्टानं एसपींना पाठवायचा, रजिस्टर करून. त्यानंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज, कलम १७५(३), सोबत शपथपत्र. पूर्वी हेच १५६(३) होतं. तीन ते सात वर्षांच्या मधल्या गुन्ह्यांत डीवायएसपीच्या परवानगीनं चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते, त्यामुळं तेवढे दिवस "चौकशी चालू आहे" हे उत्तर कायदेशीर असू शकतं.

मुदत शिक्षेवर. नुसत्या दंडाचा गुन्हा सहा महिने, एक वर्षापर्यंतच्या कैदेचा एक वर्ष, एक ते तीन वर्षांचा तीन वर्षं. त्यावरच्याला मुदत नाही. काकांच्या प्रकरणात नुसती थप्पड धरली तर एकच वर्ष आहे. साधी धमकी धरली तरी तीन मिळतात, कारण गुन्हे एकत्र चालले तर सगळ्यात जड शिक्षेच्या गुन्ह्याची मुदत धरतात. तरी पीक काढून मग बघू असं करू नका.

एनसीत मॅजिस्ट्रेटची परवानगी घेतानाही एक बघा. पोलिसांच्या पत्रावर कोपऱ्यात नुसतं "परवानगी दिली" लिहून सही झालेली असेल तर पुढं त्रास होतो. आदेशात विचार केलेला दिसत नाही म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयानं अशी कितीतरी प्रकरणं रद्द केली आहेत. दोन ओळींची का होईना, कारणं असलेली ऑर्डर वेगळ्या कागदावर हवी. आरोपीचा वकील धारवाड खंडपीठात पहिल्यांदा तीच मागतो.

मळेकरी_खानापूर
नकाशाची नक्कल कुठं मिळते, तहसीलला की सर्वे ऑफिसला?

निपाणीचा_पान्या
सर्वे ऑफिसला. सकाळी लवकर जा, दुपारी साहेब मोजणीला जातात.